दिवलीचा वाफा

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की मी अकोल्याहून अमरावतीला जातो. इथे जठारपेठेतल्या माझ्या घरी सगळ्यांची समजूत आहे की तिथली ज्वारीची आंबील मला फार आवडते. खरं म्हणजे आंबील मला कधीच आवडली नाही. मी एक वाफा पाहायला जातो. त्या वाफ्यात गवत-तणाशिवाय काही उगवत नाही, आणि पुढेही उगवणार नाही, असं मला वाटतं.

वाफा एका माळ्याचा आहे. अमरावतीच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो तेव्हा त्याच्या मळ्याला लागूनच माझी खोली होती. तो माझ्याहून थोडा मोठा. मी त्याला भाऊ म्हणत असे आणि त्याच्या बायकोला वहिनी. दोघं वांगी, मिरची, झेंडू, शेवंती पिकवून बाजारात विकत. भाऊचा मळा म्हणजे सारवलेलं अंगण. गवताचं एक पातं दिसलं की बोलता बोलता त्याचा हात खुरप्याकडे जाई. वहिनी म्हणे, "याईच्या ताटात कोथिंबीर टाकली तं तेबी निंदून काढतीन."

त्यांच्या घरी महालक्ष्म्यांपुढे एक रानफूल ठेवायची रीत होती. त्याला ते दिवली म्हणत. नांदगाव पेठेच्या वाटेवर एक खडकाळ टेकाड आहे, तिथे ते येई. दुसरीकडे कुठे मी ते पाहिलं नाही आणि माझ्याजवळच्या पुस्तकांतही मला सापडलं नाही. वीतभर उंचीचं झाड, फिकट पिवळं फूल, घशात जांभळा ठिपका. सकाळी उमले आणि ऊन तापलं की गळून पडे. कागदात दाबून वाळवलं तर सगळं झाड शाईसारखं काळं होई. पावसाळ्यात उगवायचं, भाद्रपदात फुलायचं, दिवाळीच्या सुमारास बोंडं तडकून बी सांडायचं आणि मरायचं. खाली कंद नाही, मूळ टिकून राहत नाही. पुढच्या वर्षासाठी जे काही ठेवायचं ते बियात, आणि बी इतकं बारीक की बोटावर घेतलं तर रेषांमध्ये हरवून जाई.

मी पाहिली तेव्हाच दिवली थोडी उरली होती. भाऊच्या लहानपणी म्हणे सारं टेकाड पिवळं दिसायचं. नागपूरकडून शाळा तपासायला साहेब आले तेव्हा मी त्यांना वाळवलेलं झाड दाखवलं आणि टेकाड राखायला सरकारात कुणाला सांगता येईल का, असं विचारलं. ते काळ्या काडीकडे पाहून हसले. "मास्तर, मध्यप्रांत-वऱ्हाडात गवताचा तुटवडा पडला आहे का?"

त्याच वर्षी सडकेसाठी टेकाडाच्या एका कडेला मुरूम खणायला सुरुवात झाली. मी घाबरलो. बोंडं तडकायच्या आत टेकाडावर जाऊन दिसलं ते प्रत्येक बोंड मी खुडलं. अर्धी राहू द्यावीत असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण अर्धी ठेवायची ती कुदळीसाठी का, असं मीच मला विचारलं आणि तीही घेतली. आगीतून लेकरू बाहेर काढावं तसा मी तो रुमाल छातीशी धरून मळ्यात आलो.

भाऊनं रुमाल उघडून पाहिला. "मास्तर, हे बी हाय का तपकीर? मले शिंक आली तं वंश बुडन."

वहिनीला मात्र आनंद झाला. "आता महालक्ष्मीले काट्याकुट्यात जा लागणार नाई. घरचीच दिवली." तिनं ते साऱ्या गल्लीत सांगितलं.

होळीच्या सुमारास खणणं थांबलं. मुरूम दुसरीकडचा चांगला निघाला होता. एक कोपरा सोडला तर टेकाड जसंच्या तसं उभं राहिलं. पावसाला अजून अवकाश होता. बी परत नेऊन उधळायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण भाऊनं तोवर वाफा करून ठेवला होता: चाळलेली माती, कुजलेलं शेणखत, पाणी यायला दांड, म्हणजे बारीक पाट. टेकाडावर ढोरं चरतात, इथे राखण आहे, असं मी म्हणालो आणि बी त्या वाफ्यात गेलं.

पाऊस आला. वाफ्यात हिरवं दिसू लागलं की भाऊ गुडघ्यांवर बसून एकेक पान निरखायचा आणि गवत असलं की उपटायचा. "दिवलीले जागा पाह्यजे," तो म्हणे. मीही शाळेतून आलो की त्याच्याबरोबर उपटत असे. श्रावण संपला. वाफा स्वच्छ होता आणि त्यात काहीच नव्हतं.

"साऱ्या गल्लीले सांगून बसली मी," वहिनी म्हणाली. "आता काय दाखवू, चिखल?"

मी टेकाडावर जाऊन शोधलं. माझ्या हातून सुटलेल्या बियांची थोडी झाडं एका घळीत आली होती, फुलावर होती. मी धावत येऊन भाऊला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता म्हणून काय उपयोग!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही टोपलं घेऊन गेलो. भाऊचा बेत ठरला होता. "मुयासकट नेऊ, मास्तर. फूल महालक्ष्मीले, झाड वाफ्यात. तिथं बी धरन." त्यानं ओल्या मातीच्या ढेपा काढल्या, मोठ्या हलक्या हातानं. शेवटच्या झाडापाशी तो थांबला. "एक राहू देऊ का जी इथं?"

मी म्हणालो, "ढोरं खातील. घ्या."

मग मळ्यात तण जाऊ नये म्हणून भाऊ सावलीत बसला आणि ढेपांतलं गवत सोडवू लागला. "हे कुसळ नेऊन मया नासवू का?" मांडीवर लेक घेऊन तिच्या केसांतला गुंता काढावा तसं त्याचं काम चाललं होतं. मी जवळ बसून पाहत होतो. दिवलीचं मूळ आणि गवताचं मूळ एकमेकांत नुसती गुंतलेली नव्हती. जिथे भेटत तिथे बारीक गाठ होती, आणि ती गाठ सुटत नव्हती, तुटत होती. एक तुटली, दुसरी तुटली. मला काहीतरी कळत होतं आणि ते शब्दात येईना. "भाऊ, थांबा," असं मी म्हणालो तेव्हा त्याच्या हातात शेवटचं झाड होतं, धुतल्यासारखं स्वच्छ.

मळ्यात पोहोचेपर्यंत झाडांनी माना टाकल्या. संध्याकाळी ती काळी पडली. वहिनीनं त्याच काळ्या काड्या महालक्ष्म्यांपुढे ठेवल्या.

ज्वारीत टारफुला येतो, तो ज्वारीच्या मुळातून रस ओढून जगतो, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत होतो. वऱ्हाडातलं कोणतंही पोर ते सांगेल. दिवली त्याच जातकुळीची, हे त्या तुटलेल्या गाठी पाहून उमगलं. गवताच्या मुळाशिवाय ती जगत नाही. टारफुल्याला शिव्या घालताना आम्हाला त्याची सगळी विद्या तोंडपाठ होती. दिवली देवीपुढची, म्हणून ती कुणाच्या जिवावर जगत असेल असं मनातच आलं नाही. आणि आम्ही तिला पेरलं कुठे, तर साऱ्या अमरावतीत जिथे गवत टिकू देत नाहीत अशा एकाच जागी.

हे मी भाऊला सांगितलं. तो बराच वेळ हातातलं खुरपं पुसत राहिला. वहिनीचा, त्याचा, कुणाचाच त्यात दोष नव्हता, हेही मी सांगितलं. त्यानं ते ऐकलं असं वाटत नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी आणखी एक बोललो: टारफुल्याचं बी मातीत कितीतरी वर्षं निजून राहतं, दिवलीचंही राहत असेल. ते बोलणं मी पुढे परत घेतलं नाही.

तेव्हापासून तो वाफा त्यानं गवताला सोडला आहे. टेकाडावरची गवताची थोंबं आणून त्यानं स्वतः लावली. पुढच्या पावसाळ्यांत टेकाडावर दिवली आली नाही. मी घळ न् घळ पाहिली आहे. आता अकोल्याच्या शाळेत असलो तरी भाद्रपदात आधी टेकाडावर जाऊन मगच मळ्यात जातो.

यंदा गेलो तेव्हा शेजारचा माळी बांधावरून ओरडत होता, "काहून गा, औंदा बजारात कुसळ इकायचं ठरवलं का?"

"तुया म्हशीले इचारून सांगतो," भाऊ म्हणाला, आणि मला हाताला धरून वाफ्यापाशी घेऊन गेला. त्याची नजर आता अधू झाली आहे. गवत बाजूला करून त्यानं एक कोवळं रोप दाखवलं. "हे पाहा जी. हेच ना?"

मी वाकलो. पान पाहताच मला कळलं होतं, तरी मी ते खुडलं. देठातून पांढरा चीक आला. दुधी नावाचं तण होतं, कुठल्याही बांधावर उगवतं ते.

त्यानं चीक पाहिला. सवयीनं त्याचा हात कमरेच्या खुरप्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "राहू द्या," तो म्हणाला. "तिच्या आडोशाले येईन एखांदी दिवली. बी निजलं हाय, तुमीच तं सांगतलं."

ज्या मातीत ते बी पडलं तीत त्यानं खत घातलं, ती उपसली, तिला दांडाचं पाणी दिलं. त्यात ती तपकीर कधीच वाहून किंवा कुजून गेली असणार. हे त्याला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनीनं आंबिलीची वाटी माझ्या हातात दिली. मी ती प्यालो आणि म्हणालो, "हो भाऊ, निजलं असेल." मग वहिनीनं विचारायच्या आत वाटी पुन्हा पुढे केली.