गरम मुठी

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मोटारसायकलच्या हँडलला नव्या कोऱ्या रबरी मुठी होत्या. मी दारातच विचारलं, "आपल्या कुठं गेल्या?"

"सायबांनी मागितल्या," असं म्हणून हे पाय धुवायला मोरीत गेले.

मी तिथंच उभी राहिले. समोरच्या घरात विणकामाच्या मागांचा खडखडाट चालू होता, म्हणून मी जे बोलले ते शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी मला चाललं असतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. हे दूध केंद्रात सुपरवायझर होते. पहाटे उठायचं, मोटारसायकलवर गावोगाव जायचं, संकलनावर थांबून दूध तपासायचं आणि नमुन्याच्या बाटल्या घेऊन सोलापूरला परत यायचं. मोटारसायकल आमची स्वतःची, जुनी घेतलेली. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते.

यांच्या बोटांना एक विचित्र दुखणं होतं. गारठा लागला की बोटं पांढरीफटक पडायची, मेलेल्या माणसाची असावीत तशी. मग त्यांत जीवच राहायचा नाही. सदऱ्याची बटणं मी लावून द्यायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बोटांपर्यंत रक्त पोचत नाही, थंडीपासून जपा. जपा म्हणजे काय? पौष महिन्यात पहाटेच्या अंधारात सीना नदीच्या काठानं गाडी हाकायची आणि जपायचं? हातमोजे घातले, त्यावर जुने पायमोजे चढवले. उपयोग झाला नाही.

एका पहाटे पुलाच्या उतारावर पुढं बैलगाडी आली. यांना ब्रेक दाबायचं कळत होतं, पण बोटं मिटेनात. गाडीवरून पडले. गुडघा फुटला, बाटल्या फुटल्या. त्याच गुडघ्यानं लंगडत हे केंद्रावर गेले, तर केंद्राचे साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सोलापुरात कसली आलीय थंडी? बायकी बोटं आहेत तुमची." सगळे हसले. जेवताना हे मला सगळं सांगत होते आणि सांगताना स्वतःही हसत होते. माझी तव्यावरची भाकरी करपली.

माझा धाकटा भाऊ कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. तो रविवारी आला, त्यानं गुडघा बघितला आणि म्हणाला, "आक्का, मुठीच गरम केल्या तर?" मला वाटलं चेष्टा करतोय. पण पुढच्या रविवारी तो पिशवीत सामान घेऊनच आला. जुन्या मुठी कापून काढल्या. दांडीवर अभ्रक गुंडाळलं, त्यावर शेगडीच्या कॉइलसारखी बारीक तार, तिच्यावर सुती फीत. वायर बॅटरीला जोडली आणि दिव्याखाली एक छोटं बटण बसवलं. पहिल्या खेपेला मूठ इतकी तापली की फितीचा वास सुटला. "लई झालं की ह्ये," असं म्हणत त्यानं तार बदलली. सगळ्यात वरचं चामडं मी शिवलं. जाड दाभण, मेणाचा दोरा. ॲक्सिलरेटरची मूठ फिरते, तिथं चामडं ओढलं जाऊ नये म्हणून दोनदा उसवून पुन्हा शिवलं. अंगठ्याला दाभण लागलं ते वेगळंच.

आणि मुठी चालल्या! बटण दाबलं की पुढचा दिवा जरा मंद व्हायचा, पण मुठी कोमट राहायच्या, हातात नुकतंच उकडलेलं अंडं धरावं तशा. हे परत आले तेव्हा बोटं लाल होती. दारात उभं राहून यांनी सदऱ्याचं वरचं बटण स्वतः काढलं, पुन्हा लावलं आणि मला दाखवलं.

त्याच मुठी साहेबांनी केंद्राच्या आवारात हात लावून बघितल्या होत्या. "अरे वा," म्हणाले होते. बायकी बोटांवर हसणारा माणूस! मग म्हणाले, मलाही सकाळी क्लबात टेनिसला जाताना हात गारठतात, या माझ्या गाडीला बसवून द्या, तुम्ही काय, दुसऱ्या करून घ्याल. आणि आमच्या ह्यांनी केंद्राच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून, स्वतः पक्कड धरून, त्या बसवून दिल्या.

"अहो, नाही म्हणता आलं नाही?"

"सायबाला न्हाय कसं म्हणायचं?" हे म्हणाले. "मेव्हणा करंल की दुसऱ्या."

मेव्हण्यानं केल्या असत्या. प्रश्न तो नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे हे रबरी मुठी धरून गेले आणि पांढरी बोटं घेऊन आले. मी बटणं काढून दिली. त्या बटणांना हात लावताना मला साहेबांचं टेनिस दिसत होतं.

रविवारी सकाळी मी पिशवीत पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि दाढीचं पातं टाकलं. ह्यांना सांगितलं, मंडईत जाते. सात रस्ता चौकापलीकडं साहेबांचा बंगला होता. चालत गेले. फाटक उघडंच होतं. मोटारसायकल अंगणात उभी, आणि ओट्यावर उन्हाला साहेबांची म्हातारी आई तांदूळ निवडत बसलेली.

"कोन पायजे गं?"

"कुणी नको," मी म्हटलं आणि गाडीपाशी उकिडवी बसले. आधी वायर तोडली. मग डावीकडच्या मुठीचा दोरा पात्यानं उसवायला घेतला. टाके माझेच होते, कुठून उसवायचे ते डोळे मिटून कळत होतं.

"आगं आगं, काय करतीस? आरं बाहेर ये रं, बघ ही कोन बाई गाडी मोडाय लागलीय!"

साहेब कप घेऊनच बाहेर आले. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"वहिनी? हा काय प्रकार आहे?"

"मुठी न्यायला आलेय."

"त्यांनी स्वतः दिल्यात मला. हौसेनं."

"ते नाही म्हणू शकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर मागितल्यात. भावानं केल्यात, मी शिवल्यात. आम्हाला दोघांना कुणी विचारलं नाही."

"उद्या ऑफिसात काय होईल, विचार केलाय?"

"तुम्ही त्यांच्या बोटांना बायकी म्हणालात ना? हे बघा बायकी हात." उजवी मूठ फिरती, ती निघायला त्रास देत होती. मी हिसडा दिला. तार थोडी तुटली, पण मूठ निघाली.

म्हातारी म्हणाली, "बाईमानसानं असं कुनाच्या दारात येऊ न्हाई, बाई."

"आणि साहेबानं कुणाच्या हातातलं काढून घेऊ नये," मी म्हटलं. हँडलच्या उघड्या लोखंडी दांड्या तशाच ठेवून मी फाटकाबाहेर पडले. मंडईकडं वळलेच नाही.

घरी येऊन मी मुठी ह्यांच्यापुढं ठेवल्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती. ह्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुला कुनी सांगितलं हुतं? माझी इज्जत घालवलीस! उद्या त्यांच्यापुढं तोंड कसं दावू मी?"

गुडघा फुटला तेव्हा हा आवाज कुठं होता? सगळे हसले तेव्हा? साहेबापुढं एक शब्द फुटला नाही, आणि माझ्यावर हा एवढा मोठा आवाज! मी तसं म्हटलं. ह्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला, बटणं कशीबशी लावली आणि हात पुढं केला. "दे त्या. देऊन येतो, माफी मागतो."

मी मुठी मांडीवर घेऊन बसले. "माफी मागायची तर मागा. या मिळणार नाहीत."

हे रिकाम्या हातानं गेले. साहेबांनी बराच वेळ ओट्यावर बसवून ठेवलं आणि मग म्हणाले, "जाऊ द्या हो, बायकांचं काय मनावर घ्यायचं." हे मला ह्यांनीच येऊन सांगितलं, सुटल्यासारखं. म्हणजे मी गेले तेही कशातच जमा नव्हतं. साहेबांवर मला राग होता, पण तो सरळ होता, कुठं ठेवायचा ते कळत होतं. ह्यांच्यावरचा राग मात्र मी स्वयंपाक करत, कपडे धुवत, वह्या तपासत घरभर घेऊन फिरत होते.

उन्हाळ्यात ह्यांची करमाळ्याला बदली झाली. शिक्षा म्हणून, हे कुणी बोललं नाही. माझी नोकरी सोलापुरात. हे तिकडं खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी यायचे. जायच्या आधी भावानं येऊन तार सांधली, मी चामडं पुन्हा शिवलं. हे मोटारसायकलपाशी उभे राहून बघत होते. नको म्हणाले नाहीत.

थंडी पडल्यावर मी सुट्टीत करमाळ्याला गेले. सकाळी तिथल्या केंद्रातले एक सहकारी चहाला आले होते. खिडकीतून मोटारसायकल दिसत होती. त्यांनी मुठींबद्दल विचारलं, कुठून आणल्या म्हणून.

"मेव्हण्यानं केल्या, आणि आमच्या मंडळींनी शिवल्या," हे कौतुकानं म्हणाले. ह्यांची बोटं लालचुटूक होती. त्या मी साहेबांच्या अंगणातून कशा परत आणल्या, ते मात्र ह्यांनी सांगितलं नाही.

मी तिथंच ट्रे घेऊन उभी होते. कप जरा जोरातच ठेवले. पाहुण्यांच्या बशीत चहा सांडला.