बाजरीच्या पिठातली अक्षरं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं येतं, त्याची माफी असावी. पण देवाने आमच्या लेकीसाठी, रूथसाठी, जे केलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

रूथला एकदा ऐकलेलं गीत पाठ व्हायचं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तिने बायबलमधला शास्त्रपाठ वाचला की मंडळी कौतुक करायची. आदल्या संध्याकाळी तो पाठ मी तिला सावकाश वाचून दाखवायचे. चुकू नये, एवढाच हेतू. मग तिसरीच्या चाचणीत तिला जवळजवळ काहीच गुण मिळाले नाहीत. गुरुजी म्हणाले, मुलगी लक्ष देत नाही. घरचे, म्हणजे रूथचे वडील, चिडले, "देवळात फाडफाड वाचती, अन् शाळेत सोंग करती व्हय गं?" त्यानंतर ती दप्तरच उचलेना. मी रोज प्रार्थना करायचे, पण आपलं कोणी ऐकतंय असं वाटेनासं झालं होतं.

सुगीच्या सणाला आम्ही देवळात कोंबडी अर्पण केली. उपासनेत रूथने पाठ वाचला. नंतर अंगणात अर्पणांचा लिलाव सुरू झाला. गावातल्या आपल्या भाचीकडे आलेल्या, केडगावच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, कोंबडीचं विचारतील. त्या म्हणाल्या, "कोंबडी राहू द्या, मला ती पोरगी दाखवा. तिच्यापुढं उघडलेलं पान भलतंच होतं, तरी एक शब्द चुकला नाही."

त्यांनी रूथला जवळ घेऊन हळूच विचारलं, वाचताना अक्षरं कशी दिसतात. रूथ म्हणाली, "अक्षरं हालत्यात. मला वाटलं, समद्यांचीच हालत्यात."

ऐकून मला कळलं, इतके दिवस ती माझं वाचणं पाठ करून म्हणत होती.

त्या दिवसापासून बाई शनिवारी आमच्या गावी, सोनईला येऊ लागल्या. परातीत बाजरीचं पीठ पसरून रूथचं बोट धरून एकेक अक्षर गिरवून घ्यायच्या. गुरुजींनाही भेटल्या, आणि रूथ पुन्हा शाळेत जाऊ लागली. आता ते तिला तोंडी प्रश्न विचारतात, आणि ती पटापट उत्तरं देते. लेखी गुण अजून कमीच आहेत.

मागच्या रविवारी मी मुद्दाम पाठ वाचून दाखवला नाही. रूथ शब्दांखाली बोट ठेवून वाचत होती, अडखळत, थांबत. मंडळी शांत बसली होती. घरच्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शेवटच्या ओळीला तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी देवाकडे गुण मागत होते. त्याने तिचं ऐकणारं माणूस पाठवलं. आता काय द्यायचं ते त्यालाच ठरवू देते.