म्हातारा करून दिलेला चेहरा

तिशीतल्या पोरांना तासाभरात मेकअपने सत्तरीचं करून स्टेजवर ढकलायचं, हा माझा धंदा. ठाण्या-डोंबिवलीच्या हौशी नाट्यस्पर्धांत माझ्या हातून इतके तरुण म्हातारे झालेत, की त्यांची बाळकुमला एक सोसायटी उभी राहील. तिथेही ते पार्किंगवरून भांडतील.

म्हणून वरच्या मजल्यावरची भाडेकरू फोटो घेऊन आली, तेव्हा मी खूश झालो. बाई आफ्रिकेतल्या एका लहान देशातली, चाळिशीची, कोलशेतला एका कंपनीत केमिस्ट. मराठी आमच्या हिच्याकडून शिकलेली, त्यामुळे टोमण्यांसकट.

"काका, ह्याला म्हातारा करून द्या. तुमची कला एकदा तरी कामाला येऊ दे."

फोटोत तिच्या गावच्या शाळेतला तरुण मास्तर होता. ती सात वर्षांची असताना तिच्या जमातीची माणसं वेचून मारली गेली. कुणाला न्यायचं त्याची यादी ह्या मास्तरने वाचली होती. यादीत तिची आई होती. नंतर तो पळाला, नाव बदलून देशोदेशी लपत राहिला. आता त्याला शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय पथकाने तिला सहा म्हाताऱ्यांचे फोटो पाठवून विचारलं होतं, यातला तो कोणता? तिला सांगता येईना. तिच्या डोळ्यांपुढे तो तिशीतच थांबला होता.

"सापडला की फाशी?" मी विचारलं.

"फाशीचं काय करू मी? मला त्याला एकच विचारायचंय, आईला कुठे पुरलं. ते माहीत असलेला तो एकटाच उरलाय."

मी फोटोची मोठी झेरॉक्स काढून पेन्सिली घेऊन बसलो. गाल बसवले, पापण्या जड केल्या, केस पिकवले. मग सवयीने हात भुवयांकडे गेला. आमच्यात खलनायकाची भुवई वर चढवतात. शेवटच्या रांगेतल्या आजींनाही कळलं पाहिजे, माणूस वाईट आहे. ओठाचा एक कोपराही खाली ओढला आणि मोठ्या ऐटीत कागद तिच्यापुढे धरला.

"हा नाटकातला झाला, काका. तो असा नव्हता."

"मग कसा होता?"

"तुमच्यासारखा. गोष्टी सांगायचा. वर्गात आम्ही हसून लोळायचो. ती यादीसुद्धा त्याने हजेरी घेतल्यासारखी वाचली."

ही आतून "चहा ठेवते" म्हणाली आणि ठेवायचा विसरली.

मी रबराने भुवई खोडली. ओठांपाशी हसून हसून पडलेल्या रेषा काढल्या, आरशात बघून, माझ्याच. कागदावर एक प्रेमळ आजोबा आला. तिने सहा फोटो ओट्यावर मांडले आणि चौथ्यावर बोट ठेवलं. मग ते बोट बराच वेळ उचललंच नाही.

तीन महिन्यांनी सकाळी ती जिन्यात भेटली. पथकाचं पत्र आलं होतं. मोबाइलवरून मराठी करत करत तिने मला वाचून दाखवलं. चौथा तोच होता. पण फोटो जुना होता. पथक पोचलं त्याच्या दोन वर्षं आधी तो वारला होता, खोट्या नावाने, स्वतःच्या घरात, नातवंडांमध्ये. खात्री करण्यासाठी त्यांनी कबर... इथे तिला शब्द सापडेना. हाताने तिने माती बाजूला केल्यासारखं केलं.

"उकरली," मी म्हणालो.

"उकरली." तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "मग आईला कुठे उकरायचं, काका? ते आता कुणाला विचारू?"

खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ती जिना उतरून गेली.