पोच मिळाली का?

कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून मी लोकांचे अर्ज टाइप करून देतो. बावीस वर्षं झाली. अर्ज लोक घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडंच साचतात. मित्र म्हणतात, "सांग की, लई हसू येतं!" तुम्हाला येत असेल. मला बीपीची गोळी लागते!

माझा निम्मा संताप एकाच शब्दापायी आहे. पोच! अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची, ती पोच. ती नसेल तर तुम्ही तिथं कधी गेलाच नव्हता.

*

कलाबाईनं ग्रामसभेत एवढंच विचारलं होतं, "सरकारी नळ सरपंचाच्या अंगणात कसा गेला?"

दुसऱ्या दिवसापासून तो नळ तिच्या घराला बंद. गिरणीवाला दळण घेईना, शेजारीण बोलेना. सून आठ महिन्यांची पोटुशी, ती लांबच्या विहिरीवरून घागरी आणत होती.

"भाऊ, गावानं वाळीत टाकलंय आमाला. ठाण्यात दोनदा जाऊन आले. आपसात मिटवा म्हणत्यात."

"अर्ज दिला होता?"

"व्हय. घेतला न् ठिवला."

"पोच?"

"ती काय असती?"

माझं डोकंच फिरलं. वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, त्यासाठी वेगळा कायदा आहे, आणि या बाईला ठाण्यात कुणी तेवढंही सांगितलं नव्हतं! नवा अर्ज टाइप केला आणि तिला बजावलं, "पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही."

*

आता पोच मागणं सोपं आहे असं समजू नका. एका आवक क्लार्कनं मला सांगितलं, "शिक्का कपाटात आहे. किल्ली साहेबांकडं. साहेब मीटिंगला."

माझ्या शेजारी बॉण्डपेपर विकणारे शेखचाचा बसतात. सत्तरी ओलांडली, पण जीभ तरुण आहे. ते खिडकीत डोकं घालून म्हणाले, "मग साहेबालाच कपाटात ठेवा की! शिक्का न् साहेब एकाच जागी घावतील!"

शिक्का क्लार्कच्या ड्रॉवरमधून निघाला.

*

एका रिटायर्ड गुरुजींनी शाळेच्या जागेची फाइल माहितीच्या अधिकारात मागितली. उत्तर आलं, "सदर फाइल आढळून येत नाही."

गुरुजी चिवट. त्यांनी दुसरा अर्ज टाकला, "फाइल हरवल्याची नोंद ज्या फाइलमध्ये केली असेल, तिची नक्कल द्यावी."

महिन्यानं उत्तर आलं, "सदर फाइलही आढळून येत नाही!"

गुरुजींनी अपिलाचा अर्ज माझ्याकडून टाइप करून घेतला. मी पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी मला टाइप करतानाच शिव्या सुचत होत्या.

*

नळदुर्गकडचा एक ट्रक ड्रायव्हर. हायवेवर चार जणांनी ओव्हरटेकवरून त्याला बडवला. पहिल्या ठाण्यात म्हणाले, "ही हद्द आमची नाही." दुसऱ्यात म्हणाले, "तुला मारलं रस्त्याच्या पलीकडं, ते पहिल्यांचं." डोक्यातून रक्त येतंय आणि गडी दोन ठाण्यांमध्ये चकरा मारतोय!

शेवटी तो हात जोडून म्हणाला, "चुकलं साहेब. फुडच्या टायमाला हद्द बघून मार खातो!"

आमच्या लिंबाखाली अर्ज टाइप करून घ्यायला येणाऱ्या वकील मॅडमनी पहिल्या ठाण्यात फोन लावला. हद्द कुणाचीही असो, गुन्हा आधी नोंदवून घ्यायचा आणि मग ज्याची हद्द त्या ठाण्याकडं पाठवायचा, हा कायदा आहे. तो कायदा ठाण्यातल्या लोकांना आपण फोनवर शिकवायचा!

*

कलाबाईचा हा नवा अर्ज ठाण्यानं घेतलाच नाही. मग तोच अर्ज आम्ही पोस्टानं रजिस्टर करून एसपी साहेबांकडं पाठवला. पोस्टाची पावती तिनं पदराच्या गाठीत बांधली.

महिना गेला, उत्तर नाही. मधल्या काळात विहिरीच्या पायरीवर सून घसरली. पोर वाचलं, तिचा हात मोडला. नळ घरापासून वीस पावलांवर होता, वीस!

मी म्हणालो, "आता कोर्ट. बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, काही द्यावं लागत नाही."

कलाबाईला पटेना. "फुकटचा वकील? त्यो बोलतो तरी का?"

मागं उभ्या असलेल्या वकील मॅडम म्हणाल्या, "लई बोलते. ती मीच आहे!"

*

कोर्टाची तारीख आली. त्या सकाळी कलाबाई कुणाला न विचारता पुन्हा एकदा ठाण्यात जाऊन आली. कोर्टात पोचली ती अर्धं तोंड पदरानं झाकून. मला वाटलं ऊन लागलं असेल. मॅडमनी काही विचारायच्या आत पुकारा झाला. मी मागच्या बाकावर बसलो.

मॅडमनी नळ, गिरणी, सुनेचा हात, सगळं मांडलं. पोस्टाची पावती दाखवली.

न्यायाधीशांनी कागद चाळले. मग थेट तिलाच विचारलं, "बाई, ठाण्यात अर्ज द्यायला स्वतः गेला होता का तुम्ही?"

"व्हय साहेब. आज सकाळी बी गेले हुते."

"मग त्याची पोच दिली का त्यांनी?"

"दिली की, साहेब. हवालदारानं दिली."

मॅडम चमकून तिच्याकडं बघायला लागल्या. फाइलमध्ये पोच नव्हती.

"कुठं आहे? दाखवा."

कलाबाईनं तोंडावरचा पदर काढला. गालावर चार बोटं उठली होती.