अकोल्याचा डाख, भातकुलीचा रेडिओ

शुक्रवारी सकाळच्या गाडीने अमरावती सोडली तेव्हा माझ्या पिशवीत एकवीस कलमांची यादी होती आणि शेजारी आमच्या वहिनी होत्या. अकोल्याला जाऊन रेडिओचे सुटे भाग घ्यायचे, घरी परतायचे, रात्रीतून जोडायचे आणि शनिवारी पहिल्या मोटारीने भातकुलीला पोचवायचे, असा बेत होता. यादी मी तीन वेळा तपासली होती. मुलींच्या शाळेत सायन्स शिकवण्याची सतरा वर्षे झाली, त्यामुळे यादी तपासल्याशिवाय मला घराचे कुलूपही लावता येत नाही.

घाईचे कारण म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा भातकुलीला शेती करतो. दर हिवाळ्यात क्रिकेटची कसोटी सुरू झाली की तो सायकल मारत अमरावतीला येतो आणि राजापेठेतल्या एका चहाच्या हॉटेलसमोर दिवसभर उभा राहून धावते वर्णन ऐकतो. यंदा तो भरल्या कापसाच्या गाडीवरून पडला. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी बजावले होते, तीन आठवड्यांच्या आत खाट सोडली आणि हाड हलले, तर पुढे जन्मभर लंगडत चालावे लागेल. दादाने ते शांतपणे ऐकून घेतले आणि जाहीर केले की शनिवारी सकाळी सहाला दमणी (बैलांची हलकी, सवारीची गाडी) जुंपायची आणि त्याला राजापेठेत नेऊन ठेवायचे. सोळा-सतरा किलोमीटरची खडी, खड्डे आणि तो पाय! मग मीच बोलून गेले, "दादा, रेडिओच तुझ्या खाटेपाशी आणते." दादाने मान हलवली, पण दमणीचा हुकूम काही मागे घेतला नाही. खरे सांगायचे तर रेडिओ स्वतः जोडून बघायची हौस मला कितीतरी वर्षांची होती. एका मासिकातली आकृती मी कधीच उतरवून ठेवली होती.

बडनेऱ्याला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच तुरीचे पिवळे पट्टे. वहिनींनी डब्यातून फुणके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढीची बाटली काढली. गाडीने कुरूमजवळ गचका दिला आणि कढी समोरच्या गृहस्थांच्या टोपीवर गेली.

"होऊ द्या जी," वहिनी त्यांनाच समजावू लागल्या, "ताजी हाय, आंबट नाई."

गृहस्थांनी टोपी झटकली, दोन फुणके मागून घेतले आणि मूर्तिजापूरला उतरताना म्हणाले, "टोपीवरचीच जास्त चांगली होती."

मी विचारले, "वहिनी, दादा घरी फार त्रास देतो का?"

"त्रास? अवो, दिवसभर खाटेवर पडून स्वताच कॉमेंट्री करते. मी भाकर थापली का म्हनते, चेंडू टाकला. कोंबडं उडालं का म्हनते, झेल सुटला! मले आता रेडिओ नाई भेटला तं मीच पाय मोडून घेतो, माहेरी तरी पोचवतील."

अकोल्यात उतरलो तेव्हा ऊन छान चढले होते. कापसाच्या हंगामात त्या गावाची हवाच पांढरी असते. जिनिंगमधून उडालेला पुंजका टांगेवाल्याच्या मिशीवर, घोड्याच्या कानावर, भज्यांच्या परातीवर. ताजनापेठेत टांगा थांबला. यादीतले पहिले कलम, 'दुकान शोधणे', पाच मिनिटांत खोडले. मला केवढे समाधान!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना पोट उघडलेले रेडिओ आणि मधोमध वानखडे नावाचे साठीकडे झुकलेले मालक. लढाईच्या काळात ते फौजेत वायरलेसवर होते, असे शेजारच्या भजेवाल्याने आम्ही न विचारताच सांगितले होते. वानखड्यांनी माझी यादी चष्म्याजवळ नेऊन वाचली.

"अक्षर झकास हाय," ते म्हणाले. "कोन जोडनार?"

"मी."

"मंग बसा. पहिले डाख लावून दाखवा."

त्यांच्या दुकानाचा तसा रिवाजच होता. स्वतः रेडिओ जोडणारे गिऱ्हाईक आले की आधी त्याने दोन तारांना डाख (कथील-शिशाचा सांधा) लावायचा. मग ते त्या तारेला एक शेराचे वजन टांगत आणि हलवत. किलो आल्यापासून शेराची वजने निकामी झाली होती, तेवढे एक त्यांनी मुद्दाम ठेवले होते. सांधा टिकला तर माल, नाहीतर नमस्कार.

"शाळेची विजेची घंटा मीच दुरुस्त करते," असे ऐकवून मी ऐटीत पदर खोचला. तापलेली कावी (डाख लावायचे हत्यार) उचलली, कथील वितळवले, तारांवर टपकन थेंब सोडला. मोत्यासारखा दिसत होता. वानखड्यांनी वजन टांगले आणि मोती तुटून वजन थेट वहिनींच्या पायापाशी आदळले.

"हा शाळेतला डाख," वानखडे म्हणाले. "बाई, कथील नका तापवू. तार तापवा. तार गरम झाली का कथील आपल्या पायानं धावत येते."

दुसऱ्या खेपेला मी तार तापवली आणि कथील खरेच धावत आले. वजन टांगले, हलवले, वहिनींनी झोका दिल्यासारखे ढकललेही. सांधा जागचा हलला नाही. मी टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या मुलींनी तसे केले असते तर मी त्यांना वर्गाबाहेर उभे केले असते.

मग सुरू झाली निवड, आणि असा आनंद मला लग्नाचा शालू घेतानाही झाला नव्हता. व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्या, कापसात गुंडाळलेल्या होत्या. अंड्यासारख्या एकेक उचलून मी उजेडात धरल्या. विजेचा दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर चांगला वजनदार निवडला. केंद्र लावायचा कंडेन्सर फिरवून पाहिला, त्याची पाती पत्त्यांसारखी एकमेकांत शिरत होती. स्पीकर दोन होते. वानखड्यांनी दोन्हींवर पाळीपाळीने एकच गाणे लावले.

"पहिला घ्या," वहिनी म्हणाल्या.

"पण दुसऱ्याचा आवाज मोठा आहे."

"मोठा तं तुमच्या भावाचा बी हाय."

पहिला घेतला. बटणे निवडायचे काम मी वहिनींवर सोपवले. काळी बटणे बाजूला सारून त्यांनी दुधाळ रंगाची दोन निवडली, पदराने पुसली आणि सरळ आपल्या कनवटीला खोचली. "हे माह्याजवळच राहू द्या. हरपतील."

एकवीसच्या एकवीस कलमांवर खुणा झाल्या. काउंटरवर माल रचलेला होता. वानखडे सुतळी काढता काढता सहज म्हणाले, "हे प्लगचं वायर किती लांब देऊ? बोर्डापासून खाट किती दूर हाय?"

मी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी माझ्याकडे.

"कोनता बोर्ड?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरी तं कंदील हाय."

भातकुलीच्या त्या घरात माझा जन्म झाला, कंदिलाच्या काचा मी स्वतः राखेने पुसल्या. पण यादी केली ती अमरावतीच्या घरात, विजेच्या दिव्याखाली, भिंतीतल्या प्लगकडे बघत. रेडिओ कुठे वाजणार, हे कलम एकविसातही नव्हते.

"वहिनी, तुम्ही सकाळपासून काहीच कसं बोलला नाहीत?"

"मले वाटलं, यादीत असन! तुमी तं यादीत आगपेटी बी लिहिली हाय!"

लिहिली होती. अठरावे कलम. आणि मला असे हसू फुटले की काउंटर धरावा लागला. वहिनी हसल्या, वानखडे चष्मा काढून हसले, भजेवाला काय झाले ते बघायला झारा घेऊनच आला आणि ऐकून तोही हसला. हसता हसता मला एकदम दादा आठवला. उद्या सकाळी सहाला दमणी निघणार होती.

वानखड्यांनी डोळे पुसले आणि ट्रान्सफॉर्मर उचलून मागच्या फळीवर ठेवला. "हे कायले पाहिजे? बैल बांधाले? आता बॅटरीचा करू, तीन व्हॉल्व्हचा. नागपूर मस्त ऐकू येईन." बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह निराळे असतात, ते काढले. दोनच निघाले. तिसऱ्यासाठी सगळे डबे पालथे घातले. शेवटी ते उठले, खिडकीतला आपला स्वतःचा बॅटरीवरचा रेडिओ चालू होता तो बंद केला, पाठ उघडली आणि तिसरा व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवला. तो अजून कोमट होता.

"अहो, आणि तुम्ही उद्या कशावर ऐकाल?"

"माह्या दुकानात बारा रेडिओ हायेत, मास्तरीनबाई. एक बी दुरुस्त नाई झाला तं मी कायचा मेकॅनिक? पन एक सांगतो. घरी नेऊन जोडू नका. आता अठीच जोडा, मले दिसलं पाहिजे."

दुपारची गाडी सोडून दिली. वानखडे आकृतीवर बोट ठेवत, वहिनी तार धरत आणि मी डाख लावत असे आम्ही चार तास बसलो. कापसाचा पुंजका दर पाच मिनिटांनी कावीवर येऊन जळत होता. मधे गरम भजी आणि मिरच्या. आकृतीवर तेल पडले, यादीवर कथिलाचा थेंब पडून भोक पडले, कशाचेच काही वाटले नाही. शेवटी वहिनींनी कनवटीची बटणे काढून स्वतःच बसवली आणि फिरवली. आधी खरखर, मग शीळ, मग एक बाई कोबीवरची कीड घालवण्याचा उपाय सांगू लागली. आम्ही तो एक अक्षरही न सांडता ऐकला.

संध्याकाळच्या गाडीने अमरावती गाठली. शनिवारी पहिल्या मोटारीत जागा मिळाली ती मागच्या चाकावर. प्रत्येक खड्ड्याला मांडीवरची लाकडी पेटी उडत होती आणि मी मनात सांधे मोजत होते. भातकुली चारेक किलोमीटर राहिली असेल, तोच वहिनी उभ्या राहून ओरडल्या, "थांबवा! थे आमची दमणी!"

समोरून दमणी येत होती. गडी बैल हाकत होता आणि मागे गादीवर, उशांच्या ढिगावर पाय ठेवून, डोक्याला मफलर गुंडाळून आमचे बंधुराज.

मोटार थांबली. मी पेटी घेऊन धावले. "दादा, परत फीर. रेडिओ आणला आहे."

दादाने दुधाळ बटणांकडे पाहिले. "तू जोडला?"

"मी जोडला."

"मंग पहिले वाजवून दाखव. बैल तोवर वळत नाई."

रस्त्यावरच मांडामांड केली. एरियलची तार कंडक्टरने बाभळीवर फेकली, काटे लागून शिवी घातली आणि बायका दिसल्यावर गिळली. जमिनीची तार गड्याने विळ्याला गुंडाळून पाटाच्या ओल्या मातीत खुपसली. बॅटरी जोडली. वहिनींनी बटण फिरवले.

काहीच नाही.

बारा किलोमीटरचे हादरे आठवले. मी पेटीवर कान टेकला आणि एकदम लक्षात आले की बॅटरीवरचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागत नाही, म्हणजे काहीतरी सुटले आहे. पाठ उघडून तारा एकेक ओढून पाहिल्या. सगळे डाख पक्के होते. कोमट असतानाच हाती आलेला तो तिसरा व्हॉल्व्ह तेवढा आपल्या खोबणीतून अर्धा वर आला होता. दाबून बसवला, आणि बाभळीखाली भूपाळी सुरू झाली.

मोटारीतले लोक एकेक करून खाली उतरले. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. कंडक्टर म्हणाला, "आता एवढं भजन संपू द्या." दादाने मफलर काढला, गड्याला हाताने खूण केली आणि बैल वळले.

धावते वर्णन त्याने खाटेवर पडूनच ऐकले. खिडकीत अर्धे गाव होते. खेळ संपल्यावर तो घाईने म्हणाला, "बंद करा, बॅटरी उद्याले लागन." वहिनी उठल्या, बटणावर हात ठेवला आणि नागपूरची भजने लावली.

"अव, बॅटरी!"

"बटनं माह्या पसंतीची हायेत," वहिनी म्हणाल्या. "पडून राहा चूप."

रविवारी घरी परतले. यादी अजून माझ्याजवळ आहे, मधे कथिलाचे भोक असलेली. ती फेकावी असे वाटले नाही. पण आता कुठलीही नवी यादी केली की मी ती आधी वहिनींना मोठ्याने वाचून दाखवते. मागच्या महिन्यात शाळेच्या सहलीची वाचली. बावीस कलमे ऐकून वहिनींनी विचारले, "अन् पोरी किती नेता?"

तेवढे लिहायचे राहिले होते.