सुईमेजर

रस्त्यात सुईसारख्या पानांचं झाड दिसलं की मेजरकाका समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर सोडत, फांदीला हात घालून सुयांचा एक झुपका तोडत आणि मोजायला लागत. "तीन निघाल्या तर चीड, पाच निघाल्या तर कैल. गड्डीभर निघाल्या तर देवदार, त्यो वेगळ्या घरातला," असं सांगून झालं की मग "जय भीम, कसं काय?" देवदाराला पाइन म्हटलेलं त्यांना खपत नसे. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्या युसूफ वडगावात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच. त्यात हे सुयांचं वेड, म्हणून पोरांनी नाव ठेवलं सुईमेजर. काकांना ते आवडायचं.

त्यांची बहुतेक नोकरी हिमालयात गेली. आमचं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे बीड जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायच्या आधीच मला पाइनच्या चार जाती पाठ होत्या. चिडाची साल जाड, भेगाळलेली, वणव्यातही तगणारी. कैलाच्या सुया निळसर आणि खाली लोंबणाऱ्या. चिलगोजाची साल ढलप्या निघून चट्ट्यापट्ट्याची होते, त्याचं बी लोक आवडीनं खातात. खासी पाइनबद्दल मात्र ते जपून बोलत. "त्यो मेघालयातला. मी तिकडं ड्यूटीला न्हवतो. ऐकीव गोष्ट सांगणार न्हाई."

एकदा शेजारच्या गावातल्या शाळेत 'पाइन'ची रोपं लावायचा कार्यक्रम होता. काका पाहुण्यांत बसलेले. पुढारी खड्ड्यात रोप ठेवणार, तेवढ्यात काका उठले, एक हिरवी काडी तोडली आणि आगगाडीचे डबे सोडवावेत तसे तिचे सांधे सुटे करून दाखवले. "साहेब, हे सुरूचं झाड हाय. पाइनची सुई अशी सांध्यातून सुटत न्हाई." मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. तो पाहून काका घाईनं म्हणाले, "पर सुरू लई गुणाचं. आपल्या उन्हात तेच टिकंल. लावा साहेब, लावा!" टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या.

त्यांच्या दाराला चिडाचं मुठीएवढं, लाकडी खवल्यांचं फळ टांगलेलं असे. हवेत ओल आली की खवले मिटायचे, हवा कोरडी झाली की उघडायचे. सोयाबीन वाळत घालण्याआधी सगळी गल्ली काकांना विचारून यायची. एके दिवशी फळ घट्ट मिटलेलं दिसलं आणि काकांनी घरोघरी जाऊन धान्य आत घ्यायला लावलं. दिवसभर लख्ख ऊन. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "ते सकाळी मीच धुतलतं. लई धूळ बसलती."

आपल्या रानात एक तरी चीड उभा राहावा, हा त्यांचा ध्यास. सोबत आणलेलं बी उगवायचं, पण रोपं पिवळी पडून मरायची. शेवटी त्यांनी गढवालमधल्या जुन्या सोबत्याकडून चिडाखालची माती मागवली. पोस्टमन पोतं उतरवत म्हणाला, "मेजर, माती कावून मागवली? आपल्या रानातली संपली का?"

"चिडाच्या मुळाला तिथल्या बुरशीची सोबत लागती," काका म्हणाले. "पोरगी सासरी धाडताना पाठराखीण देतो का न्हाई? तसं हाय हे."

त्या मातीत दोन रोपं धरली. एक जोमदार होतं, ते काकांनी विहिरीजवळच्या बांधावर लावलं. दुसरं बारकं, ते दुधाच्या पिशवीत राहिलं. चिडाचं रोप पहिली दोन वर्षं गवताच्या झुपक्यासारखंच दिसतं. एक दिवस कौसाबाई खुरपायला आली आणि गवत समजून तिनं बांधावरचं रोप मुळासकट उपटलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा काका तो झुपका हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो परत लावला, वर ओलं पोतं धरलं. चार दिवसांत तो वाळला. कौसाबाईनं लाजेनं कामावर येणंच बंद केलं.

आठवड्यानं काका तिच्या घरी निघाले. काकूंना वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी मला मागोमाग पिटाळलं. काकांनी तिच्या दारात ती दुधाची पिशवी ठेवली. "मी कुणाला दावलं न्हाई, सांगितलं न्हाई. मग माणूस उपटणारच. चूक माझी हाय. हे आता तुमी सांभाळा."

"आन् हे बी मेलं तर?" कौसाबाईनं विचारलं.

"तर दोघं मिळून रडू."

ते मेलं नाही. उन्हाळ्यात ती त्याच्यावर जुन्या लुगड्याचा आडोसा धरायची, शेळ्यांवर ओरडायची. पाच वर्षांत रोप तिच्या डोक्याच्या वर गेलं. काका रोज संध्याकाळी तिच्या अंगणात खुर्ची टाकून बसत आणि तिला एकेक गोष्ट शिकवत.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. काकूंनी कधी डोंगर पाहिला नव्हता. नोकरीत काकांना त्यांना सोबत नेता आलं नाही आणि नंतर काकांचे गुडघे धरले. या वर्षी मात्र त्या हटूनच बसल्या. गढवालमधल्या त्या सोबत्यानं घरी बोलावलं, आणि सोबतीला त्यांनी कौसाबाईला नेलं.

परवा मी शिकवते ती शाळा सुटल्यावर केजच्या बसस्टँडवर उभी होते, तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दोघींच्या मागे सरळसोट, उंचच उंच बुंधे.

"ताई, ह्यांच्यापुढं माझं पोर लई बारीक हाय हो!" कौसाबाई ओरडली.

मग काकूंनी फोन घेतला. "हे सांगायचे आन् मी चुलीपाशी बसून नुसतं हूं हूं करायचे. सगळं खरं हाय गं." त्यांनी फोन झाडांकडे वर धरला. "ऐक."

शेजारी जीपवाले सीटा भरायला ओरडत होते. मी एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानाला फोन लावला आणि चिडातून जाणारं वारं ऐकत उभी राहिले.