चेंडू टेकला की

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचे हात सरळ, जीभ वाकडी. दुकानात बाई मशीन घेऊन आली, की आधी म्हणायचा, "मशीन बरं आहे, शिवणारी तपासून घ्या." तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. त्यानं बसवलेली सुई पुन्हा तिरकी चालत नसे. कुठंही काही तिरकं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. याच खोडीनं घात केला.

तरुणपणी त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला एकच वेड होतं. घरात टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर होता, सगळा कीबोर्डाच्याच पोटात मावणारा. प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवर कॅसेटीत भरून ठेवायचे. दोघं त्यावर डेमो बनवायचे. डेमो म्हणजे ना खेळ, ना हिशेब. यंत्राच्या बापाला जमणार नाही ते त्याच्याकडून करून घ्यायचं आणि बाकीच्या पोरांना जळवायचं, एवढाच धंदा. शेवटच्या डेमोत थोरल्यानं पडद्यावर चेंडू उडवला, धाकट्यानं धून बांधली. दोन्ही सांभाळायला यंत्र बिचारं एकटं. चेंडू टेकून चेपला की यंत्राला इतकं काम पडायचं, की धून तेवढ्यापुरती संथ होऊन ओढली जायची. थोरला म्हणायचा, तुझी धून लंगडी. धाकटा म्हणायचा, तुझा चेंडू खादाड. मग लग्नं झाली, पोट मागे लागलं आणि सगळं बोचकं माळ्यावर गेलं.

म्हातारपणी थोरल्याची नजर जायला लागली. डॉक्टर म्हणाले, आहे तोवर बघायचं ते बघून घ्या.

"नातवंडांची तोंडं बघा, नाहीतर माझं बघा," वहिनी म्हणाली.

"तू पाठ आहेस मला. एकदा चेंडू बघायचाय."

धाकट्यानं सामान खाली काढलं. टेपरेकॉर्डर उघडला, तर फितीला टेकणारं हेड जरा कललेलं. त्याला ते बघवेना. स्क्रू पिळून हेड काटकोनात आणलं, मग कॅसेट लावली. कॉम्प्युटर ढिम्म.

"हेडला हात लावलास?" थोरल्यानं विचारलं.

"वाकडं होतं, दादा. सरळ केलं."

"गाढवा, कॅसेट त्याच वाकड्या हेडवर भरली होती. आता सरळ हेडला ती कशी कळेल?"

वाकडं सरळ करणं सोपं. पण होतं तेवढंच वाकडं पुन्हा कसं करायचं? रोज संध्याकाळी धाकटा केसभर स्क्रू फिरवायचा, कॅसेट किंचाळायची आणि थोरला कान लावून बसायचा. "आवाज बसका येतोय. अजून पीळ."

"दोन म्हातारे मिळून कॅसेटीला रडवतायत," वहिनी म्हणायची. पण हल्ली ती नवऱ्याच्या हातात कप धरवल्याशिवाय जात नव्हती.

शेवटी एकदा आवाज धारदार निघाला. "हं. हात काढ," थोरला म्हणाला.

कॅसेटीवर आधी धून होती, मग चेंडू. धून कॉम्प्युटरात उतरली. चेंडूचा भाग आला आणि इतके दिवस मागे-पुढे घासलेली फीत रोलरात गुंतली. सोडवता सोडवता चोळामोळा होऊन तुटली. दुसरी प्रत नव्हती.

"काय झालं?"

"कुठं काय. आलं सगळं," धाकटा म्हणाला आणि त्यानं नुसती धून सुरू केली.

पडदा काळाच होता. थोरल्यानं खुर्ची इतकी पुढे ओढली, की नाक काचेला लागलं.

"उडतोय का?"

"उडतोय की. लालबुंद."

"मला काळंच दिसतंय."

"जरा उशीर झाला आपल्याला, दादा."

थोरला ऐकत राहिला. धून संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"छान बांधली होतीस," तो म्हणाला. "एकदाही ओढली गेली नाही बघ."

धाकट्याचा हात बटणाकडे गेला.

"असू दे. वाजू दे थोडी."

वहिनी कप न्यायला आली. दोघं अजून तसेच पडद्याकडे तोंड करून बसले होते.

"दिसला का एकदाचा तुमचा चेंडू?"

"दिसला," थोरला म्हणाला.

धाकट्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण बसवलं. हेड मात्र वाकडंच ठेवलं.